आयलीन फोर्डने नेमकं काय केलं? व्हाउचरची गोष्ट

नमस्कार मंडळी! कमेंटमध्ये परत परत तेच येतंय: "आयलीन फोर्डचं एवढं कौतुक कशाला? सुंदर चेहरे कोणीही निवडेल." मला हे वाक्य फार खटकतं, म्हणून आज त्यावरच बोलूया.

ओळख पटकन. आयलीन म्हणजे मॉडेलना काम मिळवून देणाऱ्या फोर्ड मॉडेल्स एजन्सीची सहसंस्थापक. जन्म 1922, न्यूयॉर्क. 1944 मध्ये जेरी फोर्डशी लग्न. आधी थोडं मॉडेलिंग, मग फोटोग्राफरकडे सेक्रेटरी. 1946 मध्ये, पहिल्या बाळाच्या वेळी दिवस गेलेले असताना, बाई मॉडेल मैत्रिणींचे फोन घ्यायला आणि कामाच्या वेळा लावायला लागल्या. त्यातूनच पुढे ही एजन्सी उभी राहिली.

आता पैसे. तेव्हा मॉडेल काम करून मोकळी व्हायची आणि मग आपल्याच पैशांसाठी जाहिरातदाराच्या मागे फिरायची. फोर्डकडे मात्र काम झालं की व्हाउचरवर, म्हणजे झालेल्या कामाच्या चिठ्ठीवर, सही, त्यावर एजन्सी कमिशन कापून मॉडेलला लगेच पैसे देणार. जाहिरातदाराकडून वसुली नंतर, आणि ती एजन्सीने करायची.

एका ताईंनी लिहिलंय, "म्हणजे पगारच की!" नाही हो ताई. पगार मालक देतो. इथे ज्याचं काम केलं त्याने अजून एक पैसा दिलेला नाही, एजन्सी पदरचे देतेय. त्याने बुडवले तर फटका एजन्सीला.

मॉडेलच्या बाजूने बघा. मीही निवेदनाची कामं करते, "चेक निघालाय" हे ऐकत महिने काढलेत. हातात पैसे असले की नको ते काम नाकारायची हिंमत येते.

आणि धंदा म्हणून बघा. आधी द्यायचं तर रोकड हवी. फोर्ड दांपत्याने ऑफिससाठी चक्क गाडी विकली! पण पैसे वेळेवर मिळतात म्हटल्यावर चांगल्या मॉडेल आपणहून यायला लागल्या. "चेहरे कोणीही निवडेल" म्हणता ना? ते चेहरे तिच्या दारात का आले, ते या व्हाउचरमध्ये आहे.

श्रेय एकट्या बाईंचं नाही. ही कल्पना नताली निकर्सन या मॉडेलची, आणि हिशोबाची बाजू जेरीची.

बाईंची सौंदर्याची कल्पना मात्र फार अरुंद होती: उंच, सडपातळ, बहुतेक गोऱ्या मुली. ते मला पटत नाही, आणि झाकायचंही नाही. त्याच 1946 मध्ये, त्याच न्यूयॉर्कमध्ये ऑफेलिया डेव्होर यांनी कृष्णवर्णीय मॉडेलसाठी ग्रेस डेल मार्को ही एजन्सी उभी केली. पुढचा व्हिडिओ त्यांच्यावर.