विजेतेपदानंतरचा फेब्रुवारी

[दृश्य : ओमाहाचं मैदान, रात्र. हातमोजे हवेत भिरकावत एकमेकांच्या अंगावर झेपावणारे खेळाडू.]

30 जून 2021. नेब्रास्का राज्यातलं ओमाहा शहर. अमेरिकेच्या कॉलेज बेसबॉलचा शेवटचा सामना आत्ताच संपलाय. फलकावर आकडे आहेत 9-0. मिसिसिपी स्टेट विद्यापीठाने व्हँडरबिल्टला हरवलंय.

हे विद्यापीठ 1878 सालचं. इतक्या वर्षांत त्याच्या एकाही संघाने, कुठल्याही सांघिक खेळात, राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेलं नव्हतं. बेसबॉलमध्ये तर हा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यासाठी बाराव्यांदा ओमाहाला आला होता. 1985 मध्ये विल क्लार्क आणि राफाएल पाल्मेरो एकाच संघात होते. दोघांनीही पुढे व्यावसायिक बेसबॉल गाजवलं, पण कॉलेजचा करंडक त्यांच्या हाती लागला नाही. 2013 मध्ये संघ थेट अंतिम फेरीत गेला आणि यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाकडून हरला. म्हणून त्या रात्री स्टेडियममध्ये 24 हजारांहून जास्त माणसं होती आणि त्यातली बहुतेक मिसिसिपीहून आलेली होती. आजोबा, मुलगा, नात अशा तीन पिढ्या एका रांगेत बसलेल्या. त्यांच्या रडण्यामागे किती वर्षांची वाट पाहणं होतं, ते या आकड्यांवरून कळतं.

[दृश्य : विल बेडनारची फेक, संथ गतीत.]

त्या सामन्यात विल बेडनार या तरुण पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याने, पहिल्या सहा इनिंग्जमध्ये व्हँडरबिल्टला एकही हिट, म्हणजे बॅटरला पहिल्या बेसपर्यंत सुखरूप पोचवणारा फटका, मारू दिला नाही. उरलेल्या तीन इनिंग्ज लँडन सिम्सने टाकल्या. पूर्ण सामन्यात व्हँडरबिल्टचा हिट फक्त एक.

समोर कोण होतं, तेही बघा. व्हँडरबिल्ट हा 2019 चा विजेता संघ. 2020 ची स्पर्धा कोविडमुळे झालीच नाही, म्हणजे 2021 मध्ये गतविजेते तेच. त्यांच्याकडून चेंडू हातात घेऊन उभा होता कुमार रॉकर. आईकडून भारतीय वंशाचा असलेला हा धिप्पाड पिचर 2019 च्या स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. गतविजेत्यांची गादी शेवटच्या सामन्यात, त्यांच्या सर्वात नावाजलेल्या पिचरच्या डोळ्यांदेखत गेली. ती गादी आता मिसिसिपी स्टेटची झाली. तिच्यावर बसणं किती अवघड आहे, ते कळायला फार वेळ लागणार नव्हता.

[दृश्य : स्टार्कव्हिलचा मुख्य रस्ता. खिडक्यांत, दुकानांत तांबूस रंगाचे झेंडे.]

स्टार्कव्हिल हे जेमतेम 25 हजार वस्तीचं गाव. विद्यापीठ हाच गावाचा जीव. इथल्या बेसबॉलच्या मैदानाचं नाव डूडी नोबल फील्ड. आणि या मैदानाची खरी ओळख आहे डाव्या कुंपणापलीकडची जागा, लेफ्ट फील्ड लाउंज.

तिथे थोडं थांबू या. 1960 च्या दशकात विद्यार्थी आणि गावकरी आपापले पिकअप ट्रक मागे घेत घेत कुंपणाला लावायचे. ट्रकच्या हौद्यात खुर्च्या मांडायच्या, शेजारी शेगडी पेटवायची, मांस भाजत ठेवायचं आणि सामना बघायचा. हळूहळू ट्रकवर बाकं आली, बाकांवर छपरं आली. जागा ठरल्या, घराण्यांकडे राहिल्या, बापाकडून लेकाकडे गेल्या. 2019 च्या हंगामापर्यंत मैदान नव्याने बांधून झालं, तेव्हा ट्रक गेले आणि पक्कं बांधकाम उभं राहिलं. पण शेगड्या राहू दिल्या. आजही डाव्या बाजूला उंच चेंडू जातो तेव्हा तो पकडायला धावणाऱ्या खेळाडूच्या नाकात भाजलेल्या मांसाचा वास जातो. अमेरिकेत मोठी मैदानं पुष्कळ आहेत. कुंपणापलीकडे अशी शेजारपाजारची वस्ती असलेलं दुसरं मैदान मला माहीत नाही.

करंडक या गावात आला. पण तो जिंकून आणणारा संघ परतला नाही, आणि ही गोष्ट नीट समजून घ्यायला हवी.

[दृश्य : ड्राफ्टचं व्यासपीठ. एकामागून एक पुकारली जाणारी नावं.]

11 जुलै 2021. ओमाहाच्या त्या रात्रीला अवघे अकरा दिवस झालेत. व्यावसायिक संघांची वार्षिक निवड, म्हणजे ड्राफ्ट, सुरू होतो. चार वर्षांच्या कॉलेजात गेलेल्या बेसबॉलपटूला तिसरं वर्ष संपल्यावर, किंवा वयाची 21 वर्षं भरली की, या ड्राफ्टमध्ये निवडता येतं. म्हणजे कॉलेजच्या संघात मुलगा खेळात मुरतो, नाव कमावतो आणि नेमका तेव्हाच जायला निघतो. जिंकलेल्या संघाला हे जास्त जाणवतं, कारण निवड करणाऱ्यांनी त्याची मुलं जून संपेपर्यंत बघितलेली असतात.

बेडनारला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने पहिल्याच फेरीत, चौदाव्या क्रमांकावर उचललं. संघाचा सर्वात भरवशाचा बॅटर टॅनर ॲलन, त्या वर्षीचा साउथईस्टर्न कॉन्फरन्सचा, म्हणजे हा संघ ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतो त्याचा, सर्वोत्तम खेळाडू, मायामीच्या संघाकडे गेला. राउडी जॉर्डन न्यूयॉर्क मेट्सकडे. पिचर ख्रिश्चन मॅक्लाउड मिनेसोटाकडे. यात कुणाचा दोष नाही. पैशाचंही बघा. त्या काळी पहिल्या श्रेणीच्या कॉलेज बेसबॉल संघाला सगळ्या मिळून फक्त 11.7 शिष्यवृत्त्या देता येत आणि त्या बऱ्याच खेळाडूंत वाटल्या जात. पूर्ण शिष्यवृत्ती मिळणारा मुलगा विरळाच. कुणाला अर्धी, कुणाला पाव, बाकीचे पैसे घरून. अशा मुलासमोर व्यावसायिक करार आला की तो सही करतो. त्याने ती करायलाच हवी.

म्हणून पुढच्या फेब्रुवारीत मैदानात उतरतो तो गतविजेता संघ नसतोच. तोच गणवेश असतो, तेच मैदान, तेच प्रशिक्षक ख्रिस लेमोनिस आणि प्रेक्षकही तेच. पण खेळणाऱ्यांतले बरेच जण नवे असतात, आणि त्यांनी न जिंकलेल्या करंडकाचं रक्षण त्यांना करायचं असतं.

[दृश्य : फेब्रुवारी 2022. थंडीत जाकिटं घालून बसलेले प्रेक्षक.]

सगळेच गेले नव्हते. यष्टिरक्षकासारखं काम करणारा कॅचर लोगन टॅनर होता. आणि लँडन सिम्स होता. 2021 मध्ये सिम्स शेवटच्या इनिंग्ज टाकायचा. त्या वर्षी 56 इनिंग्जमध्ये त्याने 100 बॅटर स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू मारू न देता बाद, केले होते. आता लेमोनिसनी त्याला शुक्रवारचा पिचर केलं.

शुक्रवारचा पिचर ही कॉलेज बेसबॉलमधली मोठी पदवी आहे. या खेळात मुख्य लढती शुक्रवार, शनिवार, रविवार अशा तीन दिवसांच्या मालिकेत होतात. सामन्याची सुरुवात करणारा पिचर एकदा खेळला की आठवडाभर त्याच्या खांद्याला आणि कोपराला विश्रांती लागते. त्यामुळे प्रत्येक दिवसाला वेगळा पिचर ठरलेला असतो आणि सर्वात चांगला शुक्रवारी उतरतो. शुक्रवार जिंकला की उरलेल्या दोन दिवसांचा भार हलका होतो. शुक्रवारचा माणूस गेला तर शनिवारचा पुढे सरकतो, रविवारचा त्याच्या जागी येतो आणि रविवारी कोण टाकणार, हा प्रश्न दर आठवड्याला नव्याने पडतो.

पहिलीच मालिका घरच्या मैदानावर होती, लाँग बीच स्टेटविरुद्ध. ती संघाने गमावली. अजून घाबरण्यासारखं काही नव्हतं, हंगाम 56 सामन्यांचा होता.

मग आला 4 मार्च. न्यू ऑर्लिन्स, समोर तुलेन विद्यापीठ. सिम्सचा हंगामातला तिसरा सामना. सामना चालू असताना त्याचा कोपर दुखावला आणि तो मैदानाबाहेर गेला. पुढच्या काही दिवसांत निदान पक्कं झालं. कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध गेला होता.

[दृश्य : कोपराच्या सांध्याचं रेखाचित्र.]

या दुखापतीवरच्या शस्त्रक्रियेला टॉमी जॉन यांचं नाव आहे. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी ती पहिल्यांदा या व्यावसायिक पिचरवर केली. शरीरातल्या दुसऱ्या जागेचा, बहुतेक वेळा मनगटाजवळचा, स्नायुबंध काढायचा आणि कोपरात तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी हाडांना भोकं पाडून ओवायचा. आधी पिचरची कारकीर्द इथेच संपायची. आता बरेच जण परत येतात, पण त्याला वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. सिम्सच्या कॉलेजच्या दिवसांत तेवढा वेळच उरला नव्हता. त्या जुलैत ॲरिझोनाच्या संघाने तो दुखापतीत असतानाही 34 व्या क्रमांकावर त्याची निवड केली, यावरून तो काय ताकदीचा पिचर होता ते समजावं. पण मिसिसिपी स्टेटसाठी तो पुन्हा टाकणार नव्हता. ओमाहात शेवटचा चेंडू टाकणारा मुलगा आणि सुरुवात करणारा मुलगा, दोघेही आता संघात नव्हते.

प्रेस्टन जॉन्सन शुक्रवारी उतरू लागला आणि मन लावून टाकत राहिला. हंटर हाइन्स नावाच्या पहिल्या वर्षाच्या मुलाने 16 होमरन मारले. बॅटिंग पडली नव्हती. शनिवार-रविवारी, सामना सहाव्या-सातव्या इनिंगला पोचला की फेकायला माणूस कमी पडत होता आणि हातातले सामने सुटत होते. साउथईस्टर्न कॉन्फरन्समधल्या 30 सामन्यांपैकी 9 जिंकले, 21 गेले. एकूण हंगाम 26 विजय, 30 पराभव. तेव्हा कॉन्फरन्सच्या 14 संघांपैकी 12 संघांना हंगामाच्या शेवटच्या स्पर्धेत जागा असायची. राष्ट्रीय विजेत्या संघाला त्या बारांतही जागा मिळाली नाही.

[दृश्य : ऑक्सफर्ड, मिसिसिपी. निळे आणि लाल झेंडे.]

आणि त्याच जूनमध्ये करंडक पुन्हा मिसिसिपी राज्यातच आला. सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या ऑक्सफर्डला, ओल मिसकडे, म्हणजे मिसिसिपी विद्यापीठाकडे. पिढ्यान् पिढ्यांच्या प्रतिस्पर्ध्याकडे.

ओल मिसचा तो हंगाम वेगळ्या चित्रपटाचा विषय आहे. मे महिन्याच्या सुरुवातीला कॉन्फरन्समध्ये त्यांचे 7 विजय आणि 14 पराभव होते. 64 संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांचं नाव सर्वात शेवटी घेतलं गेलं. मग टिम एल्को या कप्तानाचा संघ जिंकतच सुटला. डायलन डेलुशियाने आर्कान्सॉला एकही धाव न देता पूर्ण सामना टाकला आणि अंतिम फेरीत ओक्लाहोमा दोन्ही सामने हरलं. ओल मिसचंही हे बेसबॉलमधलं पहिलंच विजेतेपद.

पुढच्या वर्षी काय झालं, ते ओळखता येईल. एल्को गेला, डेलुशिया गेला. अंतिम सामन्याची सुरुवात करणारा, तेव्हा पहिल्या वर्षात असलेला हंटर एलियट 2023 च्या सुरुवातीलाच कोपराच्या दुखण्याने बाहेर बसला आणि त्याच्यावरही तीच शस्त्रक्रिया झाली. ओल मिसचा हंगाम 25 विजय, 29 पराभव. कॉन्फरन्समध्ये 6 आणि 24.

2010 आणि 2011 मध्ये साउथ कॅरोलायनाने लागोपाठ दोनदा करंडक जिंकला. त्यानंतर 2025 पर्यंत तसं कुणालाच जमलेलं नाही. व्हँडरबिल्ट 2014 मध्ये जिंकलं आणि पुढच्या वर्षी अंतिम फेरीत हरलं. एलएसयूने, म्हणजे लुईझियाना स्टेट विद्यापीठाने, 2023 चा करंडक जिंकला आणि त्याच जुलैत त्यांचे पॉल स्कीन्स आणि डायलन क्रूज ड्राफ्टमध्ये पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकावर निवडले गेले. एकाच कॉलेजची मुलं अशी लागोपाठ पहिल्यांदाच गेली. पुढच्या वर्षी एलएसयू राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या टप्प्यातच बाहेर पडलं. मिसिसिपीच्या दोन संघांकडे मी बोट दाखवून ‘यश डोक्यात गेलं’ असं म्हणणार नाही. तसं म्हणणं या मुलांवर अन्याय आहे. त्यांचा संघ वर्षभरात विखुरला आणि उरलेल्यांचे कोपर दुखावले.

[दृश्य : डूडी नोबल फील्ड, एप्रिल 2023. वरून घेतलेलं दृश्य. एकही जागा मोकळी नाही.]

आता हे दृश्य बघा. 15 एप्रिल 2023, स्टार्कव्हिल. मिसिसिपी स्टेट विरुद्ध ओल मिस. 2021 चे विजेते आणि 2022 चे विजेते, दोघेही त्या क्षणी कॉन्फरन्सच्या तळाशी. या सामन्याने कुणाचं फारसं काही बदलणार नव्हतं. आणि या सामन्याला 16,423 माणसं आली. विद्यापीठाच्या आवारातल्या मैदानावर कॉलेज बेसबॉलचा एखादा सामना बघायला इतके प्रेक्षक त्याआधी अमेरिकेत कधीच जमले नव्हते. जुना विक्रमही याच मैदानावरचा, याच दोन संघांच्या 2014 मधल्या सामन्याचा.

डाव्या कुंपणापलीकडे शेगड्या पेटलेल्या होत्या. ज्यांनी वडिलांबरोबर 1985 चा संघ पाहिला, ते तिथे मुलांना घेऊन बसले होते. हरणारा संघ बघायला सोळा हजार माणसं येतात, याला मी निष्ठा म्हणतो, आणि मला ती ओमाहाच्या त्या रात्रीपेक्षा कणभरही कमी मोलाची वाटत नाही.

प्रशिक्षकाच्या खुर्चीला मात्र ही निष्ठा पुरत नाही. 2023 मध्येही कॉन्फरन्समध्ये 9 आणि 21. 2024 मध्ये संघ सावरला, 40 सामने जिंकून राष्ट्रीय स्पर्धेत गेला. पण एप्रिल 2025 मध्ये, हंगाम चालू असतानाच, विद्यापीठाने लेमोनिसना दूर केलं. गावाला पहिला करंडक आणून देणारा माणूस चार वर्षांत गेला. मला हे कठोर वाटतं. निकाल बघता अनपेक्षित नव्हतं, तरीही कठोर.

[दृश्य : ओमाहा, 2021, अंतिम फेरीआधीचा सामना. व्हर्जिनियाच्या डगआउटमधला चेहरा.]

त्यांच्या जागी जून 2025 मध्ये आले ब्रायन ओ’कॉनर. मिसिसिपी स्टेटच्या प्रेक्षकांना हा चेहरा ओळखीचा होता. 2021 मध्ये ओमाहात व्हर्जिनियाविरुद्ध हा संघ सात इनिंग्ज एका हिटशिवाय 0-4 ने मागे होता. मग आठव्या इनिंगला सहा धावा काढून त्याने सामना 6-5 असा फिरवला. त्या दिवशी हरलेल्या व्हर्जिनियाचे प्रशिक्षक ओ’कॉनर होते.

त्यांनी स्वतः 2015 मध्ये व्हर्जिनियाला विजेतेपद मिळवून दिलं होतं, तेही गतविजेत्या व्हँडरबिल्टला हरवून. आणि 2016 मध्ये त्यांचा गतविजेता संघ पहिल्याच टप्प्यात, घरच्या मैदानावर, स्वतःच्या प्रेक्षकांसमोर बाद झाला होता. विजेतेपदानंतरचा फेब्रुवारी कसा असतो, ते स्टार्कव्हिलला त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.