हसणारे कुठे बसलेले असायचे?

[दृश्य : रिकामा स्टुडिओ. चढत्या रांगांतल्या खुर्च्या, त्यांच्यावर टांगलेले मायक्रोफोन.]

जुनी ब्रिटिश विनोदी मालिका लावली की दोन मिनिटांत घरातलं कोणीतरी म्हणतंच, "हे हसणं मागून चिकटवलंय." ठामपणे म्हणतात लोक, आणि बहुतेक वेळा ते खरं नसतं.

चिकटवलेलं हसू नव्हतंच असं नाही. त्याचा कारखाना अमेरिकेत होता. सीबीएस वाहिनीतल्या चार्ली डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला एक पेटी बनवली. टाइपरायटरसारखी बटणं, आत टेपची वेटोळी आणि त्यांवर खऱ्याखुऱ्या माणसांचं कधीतरी टिपून ठेवलेलं हसणं. एका बटणावर खुदखुद, दुसऱ्यावर सातमजली हास्य. हशा किती लांबवायचा ते पायाखालच्या पेडलवर. डग्लस ही पेटी कडीकुलपात ठेवायचा आणि काम कसं चालतं ते कोणाला फारसं बघू द्यायचा नाही.

बीबीसीने वेगळा रस्ता धरला. तिथे माणसंच बोलवायचे.

[दृश्य : टेलिव्हिजन सेंटरची गोलाकार इमारत, बाहेर रांग.]

पश्चिम लंडनमधलं व्हाइट सिटी. १९६० साली इथे बीबीसीचं टेलिव्हिजन सेंटर सुरू झालं. मालिकेच्या रेकॉर्डिंगचं तिकीट फुकट मिळायचं. हे लोक येण्याआधी कलाकारांची बरेच दिवस तालीम झालेली असायची. १९७०नंतर ती नॉर्थ ॲक्टनमधल्या एका उंच इमारतीत व्हायची. नटमंडळी तिला चेष्टेने 'ॲक्टन हिल्टन' म्हणत. तिथे सेट नसायचा. जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्यांनी नकाशा आखलेला: ही भिंत, हा जिना. दाराच्या जागी नुसते खांब. त्या पट्ट्यांमधून लोक दारं आपटत, जिने चढत, ट्रे सांडत.

मग स्टुडिओचा दिवस. संध्याकाळी प्रेक्षक आत आले की आधी त्यांच्यासमोर एक माणूस उभा राहायचा. तो मालिकेत नसायचाच बहुधा. वॉर्म-अप हे त्याचं काम: लोकांना खुलवायचं, सेट बदलेपर्यंत गप्पांत गुंतवायचं, तिसऱ्यांदा तोच टेक चालू असताना त्यांना जांभई येऊ द्यायची नाही. फेलिक्स बोनेस या कामात मुरलेला होता. 'हाय-डी-हाय!' मालिकेत तो पुढे जॉकीच्या भूमिकेत दिसला, पण ब्रिटनमधल्या कित्येक मालिकांचा पहिला हशा त्याने आधीच काढून ठेवलेला आहे.

आता गंमत बघा. एवढ्या हौसेने आलेल्या या प्रेक्षकांना समोर निम्म्या वेळेला कॅमेऱ्यांच्या आणि तंत्रज्ञांच्या पाठीच दिसायच्या. म्हणून वर मॉनिटर लावलेले. बाहेर आधी चित्रित केलेले प्रसंगही कथेच्या क्रमाने त्यांवर दाखवायचे. 'फॉल्टी टॉवर्स'मध्ये हॉटेलमालक बेसिल फॉल्टी बंद पडलेल्या गाडीला झाडाची फांदी तोडून बडवतो, तो प्रसंग आठवा. गाडी रस्त्यावर होती, हसणारे स्टुडिओत. तरी हसू खरं.

नटाची मात्र यात चांगलीच कसोटी. हशा उसळला की थांबायचं, पण आपण थांबलोय हे दिसू द्यायचं नाही. पुढचं वाक्य घाईने टाकलं तर ते हशात बुडतं. उशिरा टाकलं तर हवा निघून जाते. रंगभूमीवरच्या नटाला हे अंगवळणी पडलेलं असतं. पण इथे हातभर अंतरावर कॅमेराही आहे. शेवटच्या रांगेसाठी भुवई उडवली तर घरच्या पडद्यावर ती भसकन अंगावर येते. दोन प्रेक्षक, दोन अंतरं आणि चेहरा एकच.

'फॉल्टी टॉवर्स'चे भाग सगळे मिळून फक्त 12. सहा 1975मध्ये, सहा 1979मध्ये. जॉन क्लीज (बेसिलची भूमिका त्याचीच) आणि कॉनी बूथ यांची संहिता नेहमीच्या अर्ध्या तासाच्या मालिकेपेक्षा जवळजवळ दुप्पट पानांची असायची. दुसऱ्या भागाच्या रेकॉर्डिंगचा एक किस्सा क्लीजने सांगितलाय. त्या संध्याकाळी पुढच्या रांगांत आइसलँडच्या प्रसारण संस्थेची पाहुणे मंडळी बसली होती. अतिशय सभ्य, प्रसन्न माणसं. आणि हसत कोणीच नव्हतं! पुढे जिवाच्या आकांताने बेसिल धावतोय आणि समोर शांतता. हा भाग आज पाहताना कान देऊन ऐका. पेटीतलं हसू असतं तर आइसलँडकरांची अडचण झालीच नसती.

आता वकिली पुरे. संकलनाच्या टेबलावर हात चलाखी व्हायची. विनोद पहिल्यांदा ऐकताना लोक जसे हसतात, तसे दुसऱ्या टेकला हसत नाहीत. मग अभिनय दुसऱ्या टेकचा घ्यायचा आणि हशा पहिल्याचा. यॉर्कशरमधल्या होमफर्थ गावात चित्रित झालेली 'लास्ट ऑफ द समर वाइन' 1973पासून 2010पर्यंत चालली. पुढच्या काळात तिचे तयार भाग प्रेक्षकांना बसवून दाखवायचे आणि त्यांचं हसणं टिपून जोडायचे. चिकटवलंय म्हणणाऱ्याला इथे निम्मे गुण द्यायला हरकत नाही.

[दृश्य : पूर्व लंडनमधली जुनी गल्ली, कृष्णधवल.]

पण हसू खरं असलं तरी ते कोणाच्या बाजूने आहे, हे टेपवर उमटत नाही. 'टिल डेथ अस डू पार्ट' या मालिकेतला अल्फ गार्नेट हा पूर्व लंडनचा तोंडाळ, वर्णद्वेष्टा म्हातारा. लेखक जॉनी स्पाइटला अशा माणसांची टर उडवायची होती. भूमिका करणारा वॉरन मिचेल स्वतः ज्यू. तो सांगायचा, लोक रस्त्यात भेटून शाबासकी देत की त्या परकीयांना बरं झोडपता तुम्ही! तो म्हणे, आम्ही तुमच्यासारख्यांनाच झोडपतोय. स्टुडिओत मात्र दोघांचं हसू एकाच मायक्रोफोनमध्ये गेलेलं. वेगळं काढणार कसं?

'माइंड युवर लँग्वेज'चं तेच. 1977 साली आयटीव्ही वाहिनीवर आलेली ही मालिका. परदेशी प्रौढांचा इंग्रजीचा वर्ग, त्यात पगडीवाला शीख, सलवार-कमीजमधली गृहिणी. प्रत्येकाच्या उच्चारावर हशा. टीका तेव्हाही झाली. पण आपल्याकडे तिच्यावरून 1993 साली दूरदर्शनवर 'जबान संभाल के' झाली, पंकज कपूर मास्तर, सोबत शुभा खोटे आणि विजू खोटे. आपल्याला त्यात अपमान वाटला नाही, कारण तोवर वर्ग आपला झाला होता आणि इंग्रजी बोलणारा गोराही बाकावर बसलेला होता. माझ्या मते हशा पचण्या-न पचण्याचं सगळं गणित त्या बाकात आहे.

मग हसू निघून जायला लागलं. खरं तर बीबीसीने हे आधीच करून पाहिलं होतं. कोरियन युद्धातल्या लष्करी इस्पितळावरची अमेरिकी 'मॅश' 1973पासून बीबीसी टूवर लागली ती हास्याची पट्टी काढूनच. एकदा चुकून ती राहिली, तर प्रेक्षकांनीच कुरकुर केली. 1998 साली कॅरोलाइन अहर्न आणि क्रेग कॅश यांची 'द रॉयल फॅमिली' आली. मँचेस्टरच्या एका घरात सोफ्यावर बसून टीव्ही बघणारं कुटुंब, चहा, सिगारेट, आणि लांबच लांब गप्प राहणं. हशासाठी कोणी थांबत नाही. अहर्नने हा हट्ट धरला होता, आणि तो बरोबर होता. स्टुडिओतले लोक हसले असते तर त्या गप्पपणात मावलेलं प्रेम ऐकूच आलं नसतं. 2001मध्ये 'द ऑफिस', तीही हशाविना. 'द लीग ऑफ जेंटलमेन'ने तर पहिले दोन हंगाम हशासकट केले आणि 2002च्या तिसऱ्यात तो काढून टाकला. समीक्षकांनी ठरवून टाकलं की खुर्च्यांवरचे प्रेक्षक आता इतिहासजमा.

[दृश्य : पुन्हा भरलेला स्टुडिओ, कॅमेऱ्यामागचा गोंधळ.]

2011 साली बीबीसी वनवर 'मिसेस ब्राउन्स बॉइज' आली. ब्रेंडन ओ'कॅरल नावाचा आयरिश गृहस्थ आईच्या वेशात. ग्लासगोत चित्रण, समोर प्रेक्षक. नट वाक्य विसरला तर तेही ठेवायचं, सेटच्या पलीकडे कॅमेरा गेला तर जाऊ द्यायचा, आणि हशा मोकाट. समीक्षकांनी या मालिकेची सालटी काढली. 2016मध्ये 'रेडिओ टाइम्स' साप्ताहिकाने वाचकांना विचारलं, एकविसाव्या शतकातली सर्वोत्तम ब्रिटिश विनोदी मालिका कोणती? पहिली आली 'मिसेस ब्राउन्स बॉइज'. 'द ऑफिस' दुसरी.