घरच्या परिस्थितीचा ताण मुलांपर्यंत कसा पोहोचतो

नमस्कार. गरीब घरांतील मुलांमध्ये मानसिक तक्रारी अधिक आढळतात, हे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. त्याचा अर्थ काय लावायचा, यावर मात्र संशोधकांत दीर्घकाळ वाद होता. गरिबीमुळेच मुलांचे मन बिघडते, की ज्या अडचणींमुळे आईवडील गरिबीत ढकलले जातात त्याच पुढे मुलांच्या वाट्याला येतात?

केवळ तुलना करून हा प्रश्न सुटत नाही, कारण गरीब आणि सधन कुटुंबांत पैशाखेरीजही पुष्कळ फरक असतात. कुटुंबाच्या हाती पैसा यावा आणि तो त्याच्या कर्तृत्वाशी संबंध नसलेल्या कारणाने यावा, तरच काही उलगडा होऊ शकतो. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात तसेच घडले. जेन कॉस्टेलो आणि त्यांचे सहकारी ग्रेट स्मोकी पर्वताच्या परिसरातील १,४२० मुलांचा १९९३पासून अभ्यास करीत होते. ही मुले सुरुवातीला ९ ते १३ वर्षांची होती आणि त्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश मूळ अमेरिकी समाजातील होती. अभ्यास मध्यावर असताना चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीच्या भूमीवर कॅसिनो सुरू झाला आणि त्याच्या नफ्यातील वाटा जमातीतील लोकांना मिळू लागला.

२००३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष मला आजही फार मोलाचे वाटतात. जी कुटुंबे या उत्पन्नामुळे दारिद्र्यातून बाहेर आली, त्यांच्या मुलांमधील मानसिक लक्षणे कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीपर्यंत खाली आली. जी गरीबच राहिली, त्यांच्या मुलांमध्ये ती पूर्वीइतकीच राहिली. ही सुधारणा आक्रमकता, अवज्ञा यांसारख्या वर्तनाच्या तक्रारींत होती. चिंता आणि नैराश्य यांत फरक पडला नाही. निष्कर्षाचा हा दुसरा भाग सांगताना अनेकदा गाळला जातो. तसे होता कामा नये, कारण पैशाने काय बदलते आणि काय बदलत नाही, हे त्यातूनच कळते.

बदल घडला तो कोणत्या वाटेने? विश्लेषणात पुढे आलेला महत्त्वाचा दुवा म्हणजे पालकांची देखरेख: मूल कुठे आहे, कोणासोबत आहे, याकडे लक्ष देणे. रँड काँगर यांनी १९८०च्या दशकातील शेती संकटानंतर आयोवा राज्यातील कुटुंबांचा अभ्यास केला, तेव्हाही असाच क्रम दिसला. आर्थिक ओढाताणीने आईवडील खचतात, त्यांच्यात खटके उडू लागतात, मुलांशी वागणे कठोर किंवा तुटक होते आणि किशोरवयीन मुलांवर त्याचा परिणाम दिसतो.

कुटुंबाच्या रचनेबाबतही सरसकट विधाने टाळावीत. घटस्फोटित पालकांच्या मुलांची स्थिती सरासरीने काहीशी खालावलेली दिसते, हे खरे. परंतु पॉल अमाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९५ साली असे आढळले, की जेथे आईवडिलांत तीव्र संघर्ष होता तेथील मुले ते वेगळे झाल्यानंतर मोठेपणी अधिक सुस्थितीत होती, तर जेथे फारसा संघर्ष नव्हता तेथे विभक्त होणेच मुलांना जड गेले.

भांडणाचा मूल स्वतः काय अर्थ लावते, हेही महत्त्वाचे असते. आईवडिलांच्या वादाला आपणच कारण आहोत असे ज्या मुलांना वाटते, त्यांच्यात उदासी आणि चिंता अधिक आढळते. ही गोष्ट केवळ पालकांना प्रश्न विचारून कळत नाही. त्यासाठी मुलांशी स्वतंत्रपणे बोलावे लागते.