लाल क्रॉस ही दवाखान्याची खूण नव्हे

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्या सोलापुरात औषधांच्या दुकानांवर, लॅबच्या पाट्यांवर, डॉक्टरांच्या गाड्यांच्या काचांवर पांढऱ्या रंगावरचा लाल क्रॉस सर्रास दिसतो. लावणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. दवाखाना म्हटला की लाल क्रॉस, अशी सवयच पडून गेली आहे. पण ही खूण वैद्यकीय व्यवसायाची नाही, ती युद्धाच्या कायद्यातली आहे. बंदूक रोखलेल्या माणसाला ती सांगते, ‘इथे गोळी चालवायची नाही.’

२४ जून १८५९ रोजी इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली. हजारो जखमी उपचारांवाचून मैदानात पडून राहिले. आंरी ड्यूनां या स्विस माणसानं ते पाहिलं आणि त्याच्या खटपटीतून २२ ऑगस्ट १८६४ रोजी युद्धातल्या जखमींच्या संरक्षणासाठी देशादेशांमधला पहिला जिनिव्हा करार झाला. स्वित्झर्लंडच्या सन्मानासाठी त्यांच्या झेंड्याचे रंग उलटे करून ही खूण घेतली गेली. आज लागू आहेत ते १९४९ चे चार करार. भारतानं ते १९५० साली स्वीकारले.

ही खूण कुणी आणि कशी वापरायची, ते या करारांत बारकाईनं ठरवलेलं आहे. सैन्यातले डॉक्टर आणि परिचारक ती डाव्या दंडावर बांधतात. ती पट्टी पाण्यानं खराब न होणारी हवी आणि तिच्यावर लष्करी अधिकाऱ्यांचा शिक्का हवा. सोबत फोटो असलेलं ओळखपत्र असतं. शत्रूच्या हाती सापडले तरी पट्टी आणि ओळखपत्र त्यांच्याकडून काढून घेता येत नाही. इमारतीवर किंवा गाडीवर खूण लांबून दिसेल एवढी मोठी काढतात. रात्री इन्फ्रारेड दुर्बिणीतून लाल आणि पांढरा रंग वेगळे दिसत नाहीत, म्हणून लाल रंगाखाली काळा प्रायमर द्यावा, इतका तपशील नंतरच्या नियमांत आला आहे. क्रॉसची नेमकी मापं मात्र मुद्दामच ठरवलेली नाहीत. ‘क्रॉस मापात नव्हता, म्हणून तोफ डागली’ अशी पळवाट कुणाला राहू नये, हा त्यामागचा विचार.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. संरक्षण खुणेमुळे मिळत नाही. रुग्णालयाला ते मुळातच असतं, खूण फक्त ओळख पटवते. नागरी रुग्णालयाला तर युद्धकाळातही सरकारच्या परवानगीशिवाय ती लावता येत नाही. रुग्णालयातून शत्रूला घातक अशी कृत्यं होऊ लागली, तर संरक्षण जातं. तेही आधी इशारा देऊन, शक्य तिथे वाजवी मुदत देऊन, आणि तो इशारा मानला गेला नाही तरच. जखमी सैनिक तिथे उपचार घेताहेत, किंवा त्यांच्याकडून काढून घेतलेल्या बंदुका आवारात पडून आहेत, एवढ्यानं ते जात नाही.

हे सगळं टिकतं ते विश्वासावर. २ जुलै २००८ रोजी कोलंबियाच्या सैन्यानं बंडखोरांच्या ताब्यातून १५ ओलिसांची सुटका केली. एकही गोळी न झाडता माणसं सुटली, याचा आनंद कुणाला होणार नाही? पण त्या मोहिमेतल्या एकानं अंगावर रेडक्रॉसची खूण चढवली होती. राष्ट्राध्यक्षांना नंतर त्याबद्दल माफी मागावी लागली, आणि ते योग्यच झालं. उद्या खरोखरच औषधं घेऊन येणाऱ्या गाडीकडे नाक्यावरचा बंदूकधारी संशयानं पाहील, आणि त्याची किंमत आतल्या जखमीला मोजावी लागेल. शांततेच्या काळात दुकानादुकानावर ही खूण मिरवल्यानंही तिचा अर्थ असाच झिजतो.

म्हणून आपल्याकडे १९६० चा जिनिव्हा करार कायदा आहे. कलम १२ नुसार केंद्र सरकारच्या संमतीशिवाय लाल क्रॉस, काही देशांत त्याच्याऐवजी वापरली जाणारी लाल चंद्रकोर किंवा ‘रेडक्रॉस’ हे शब्द कुठल्याही कामासाठी वापरता येत नाहीत. फसवी नक्कलही चालत नाही. म्हणजे क्रॉसच्या मध्ये ‘डॉ.’ लिहिलं किंवा भोवती काळी कड काढली, तरी सुटका नाही. दंड मात्र ५०० रुपयांपर्यंतच आहे. माल जप्त होऊ शकतो. पण सरकारनं किंवा नेमलेल्या अधिकाऱ्यानं तक्रार केल्याशिवाय न्यायालय दखल घेत नाही. त्यामुळे कारवाई क्वचितच होते. माझ्या मते ५०० रुपये ही रक्कम आज अगदीच तोकडी आहे.

१९३८ साली युद्धात होरपळणाऱ्या चीनमध्ये गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांपैकी एक, द्वारकानाथ कोटणीस, आपल्या सोलापूरचे. जखमींची सेवा करता करता १९४२ मध्ये ते तिथेच वारले. त्यांच्या गावातल्या डॉक्टरांनी तरी ही खूण आपणहून उतरवावी, असं मला मनापासून वाटतं.

मग लावायचं काय? औषधाच्या दुकानाला हिरवा क्रॉस. शाळेतल्या प्रथमोपचार पेटीवर हिरव्यावर पांढरा क्रॉस. रुग्णालयाच्या दिशादर्शक पाटीवर निळ्यावर पांढरा इंग्रजी ‘एच’. रुग्णवाहिकेला सहा टोकांचा निळा तारा. डॉक्टरांसाठी त्यांच्या संघटनेचं वेगळं बोधचिन्ह आहे. रेडियमवाल्याला ऑर्डर देताना हे स्पष्ट सांगा, नाहीतर तो सवयीनं लालच कापून देतो. काचेवरचं जुनं स्टिकर हेअर ड्रायरनं गरम करून कोपऱ्यातून हळूहळू सोलायचं. उरलेला डिंक रॉकेलच्या फडक्यानं निघतो. पाटी रंगवलेली असेल, तर नुसत्या एका हातानं भागत नाही, लाल रंग खालून डोकावतो. आधी प्रायमर, तो वाळल्यावर पांढऱ्याचे दोन हात, आणि मगच नवी खूण.