आमदारांकडे जाताना हातात काय असावं

नमस्कार, श्रोतेहो.

शेतातल्या मोटारींना वीज देणारी डीपी, म्हणजे रोहित्र, जळून पंधरा दिवस झाले, हरभऱ्यानं माना टाकल्या, की गावातली पाच-दहा माणसं जीप करून आमदारांच्या संपर्क कार्यालयात जातात. तिथं पीए पहिलं विचारतात, निवेदन आणलंय का? मग कुणाच्या तरी वहीचं पान फाटतं आणि त्यावर ओळी उमटतात, 'आमच्या गावची डीपी जळाली आहे, तरी ती त्वरित बसवण्यात यावी ही विनंती.' खाली सह्या, अंगठे. आमदार फोन लावतात, डीपी बदलून येते, आणि महिन्याभरात पुन्हा जळते.

ती पुन्हा का जळते, हे त्या पानावर कुठंच नव्हतं. ६३ केव्हीएच्या रोहित्रावर पाच अश्वशक्तीच्या फार तर दहा-बारा मोटारी चालाव्यात. प्रत्यक्षात पंचवीस-तीस चालतात. एवढ्या मोटारींना १०० केव्हीएचीही पुरत नाही, तिथं जादा डीपीच मागावी लागते. म्हणून निवेदनात रोहित्राची क्षमता, त्यावरच्या जोडण्यांचा आकडा, वर्षभरात ते कोणकोणत्या तारखांना जळालं आणि महावितरणच्या शाखा कार्यालयात केलेल्या तक्रारीची पोच, एवढं हवं. तारांवर आकडे टाकून चोरून चालणाऱ्या मोटारी जोडण्यांत धरल्या जात नाहीत, त्यामुळं कागदावर भार कमीच दिसतो. ते आधी गावात मिटवा. जळालेली डीपी फोनवर बदलून मिळेल, जादा डीपीला मात्र पैसा लागतो. तो जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून मिळू शकतो आणि त्यासाठी आमदारांचं पत्र लागतं. फोन आणि पत्र यांतला हा फरक लक्षात ठेवा.

आता, आपला आमदार कोण हे माहीत असतंच, असं वाटतं. मराठवाड्यात विधानसभेचे ४६ मतदारसंघ आहेत आणि कित्येक ठिकाणी तालुका एक, पण त्यातली महसूल मंडळं दोन मतदारसंघांत वाटलेली आहेत. तहसील एकीकडे आणि आमदार भलतीकडे, असं होतं. मतदार यादीवर मतदारसंघाचं नाव आणि क्रमांक छापलेला असतो, तो बघून घ्या. शिवाय विधान परिषदेत पदवीधरांचा एक आणि शिक्षकांचा एक असे दोन आमदार आठही जिल्ह्यांचे मिळून आहेत. शाळेची मान्यता, अनुदान, पदभरती असे विषय त्यांच्याकडे नेले तर जास्त कान देऊन ऐकले जातात.

काम कुणाचं, हेही आधी तपासावं. रस्त्यावर खड्डे पडले म्हणून सगळे आमदारांकडे धावतात. पण ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, राष्ट्रीय महामार्ग केंद्राकडे. रेल्वेचा थांबा हवा असेल तर खासदारांकडे जा. प्रकरण कोर्टात असेल, तर सभागृहात त्यावर प्रश्नच घेता येत नाही. भावकीचा बांधाचा वाद तर निवेदनात घालूच नका, त्यानं बाकीचा कागदही हलका होतो.

एका निवेदनात एकच विषय. हे कितीही वेळा सांगितलं तरी लोक रस्ता, पाणी, स्मशानभूमीचं शेड आणि पीकविमा एकाच पानावर लिहितात. पीए ते पान चार खात्यांना कसं पाठवणार? ते एका फाइलला लागतं आणि उरलेले तीन विषय तिथंच झोपतात. पान वेगळं, गावाचं नाव, तालुका, गट नंबर किंवा रस्त्याचा क्रमांक, आधी कोणत्या कार्यालयात अर्ज केला त्याचा आवक क्रमांक आणि तारीख, शेवटी एक मागणी. सह्या दोनशे असू द्या, पण मोबाइल नंबर दोघांचेच द्या, फोन उचलणाऱ्यांचे. दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या. व्हॉट्सॲपवर फोटो टाकून मोकळं झालेल्याला पोच मिळत नाही.

पाण्याकडे येऊ, कारण आपल्याकडे आमदारांचा खरा उपयोग इथं आहे आणि इथंच वेळ चुकते. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब, थेट परभणी जिल्ह्यात जातो. टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पाणी पोचत नाही ही ओरड जुनीच आहे. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, किती, केव्हा, हे कालवा सल्लागार समितीत ठरतं आणि लाभक्षेत्रातले आमदार त्या बैठकीला असतात. १५ ऑक्टोबरचा धरणातला साठा धरून रब्बीचं नियोजन होतं. म्हणजे निवेदन ऑक्टोबरातच द्यायला हवं. गहू वाळल्यावर जानेवारीत दिलं तर आमदार तरी काय करतील? त्यात वितरिकेचा क्रमांक, चारी, भिजणारं क्षेत्र आणि मागच्या हंगामात किती पाळ्या पोचल्या ते लिहा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पाणी मागणीचा सात नंबरचा फॉर्म किती जणांनी भरला तो आकडा. फॉर्म नसतील तर पाटबंधारे खातं शांतपणे सांगतं, 'टेलकडून मागणीच नाही.' कागदावर ते खरंच असतं.

आता सभागृहाचं. राज्य विधिमंडळाची वर्षात साधारण तीन अधिवेशनं होतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी डिसेंबरात नागपूरला. लोक अधिवेशन सुरू झाल्यावर नागपूरला निवेदन घेऊन जातात. तोवर तारांकित प्रश्नांची, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांची, मुदत कधीच संपलेली असते. सप्टेंबरच्या अतिवृष्टीचे पंचनामे राहिले असतील तर कागद दिवाळीच्या आसपास आमदारांच्या टेबलावर हवेत. उशीर झालाच तर लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना, हा रस्ता उरतो. विधानसभेत ती नियम १०५ खाली देतात आणि ती अधिवेशन चालू असतानाही देता येते. मात्र विषय ताजा आणि तातडीचा हवा.

विधिमंडळातल्या प्रश्नाचा एक ठरलेला साचा असतो. 'अमुक गावात अमुक दिवशी असे झाले, हे खरे आहे काय. असल्यास, याप्रकरणी चौकशी केली आहे काय. त्यात काय आढळून आले. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' तुमचं निवेदन या साच्यात बसेल असं लिहा. 'शेतकरी देशोधडीला लागला' हे वाक्य साच्यात बसत नाही. 'अमुक मंडळात इतक्या हेक्टरवर नुकसान, पंचनामे इतक्या गावांचे झाले, इतक्यांचे नाहीत' हे बसतं. आकडा हाताशी नसेल तर माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांच्या आत आणि उत्तराची मुदत तीस दिवस. म्हणजे हे तीस दिवसही आधीच हिशेबात धरायचे.

स्थानिक विकास निधीबद्दल थोडंच सांगते. आमदार फक्त काम सुचवतात. अंदाजपत्रक यंत्रणा करते आणि प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात. जागा ग्रामपंचायतीच्या नावावर नसेल तर सभामंडप तिथंच अडतो, म्हणून जागेचा उतारा आणि ग्रामसभेचा ठराव सोबतच जोडा. आचारसंहिता लागली की नवीन काम सुरूच होत नाही.

प्रश्न लागला, उत्तर छापून आलं, की ते विधिमंडळाच्या संकेतस्थळावरून काढून नीट वाचा. 'हे खरे नाही', 'अंशतः खरे आहे' आणि 'प्रश्न उद्भवत नाही' या तीन शब्दप्रयोगांत सगळं असतं. 'अंशतः खरे आहे' असं आलं असेल, तर कोणता अंश खरा मानलाय ते शोधा आणि जो नाकारलाय त्याचे तारखेसह फोटो, पंचनाम्याची प्रत, पोचपावत्या घेऊन पुन्हा त्याच कार्यालयात जा. प्रश्नाचा क्रमांक निवेदनाच्या विषयाच्या ओळीतच टाका.