दूध आलं का गं?

श्रोतेहो, नमस्कार. ज्या घरात आज ओली बाळंतीण आहे, त्या घरातल्या सगळ्यांनी रेडिओचा आवाज थोडा वाढवावा. मी जे सांगणार आहे ते तिच्यासाठी आहे आणि तिच्या भोवतीच्या माणसांसाठी त्याहून जास्त.

मी पहिलटकरीण होते. नऊ महिने कळांची भीती बाळगली, पण पाजायला शिकावं लागतं हे मनातही आलं नाही. दुसऱ्या रात्री मुलगी क्षणभर खाली ठेवू देईना. तोंड लावायची, सोडायची, रडायची. माझी छाती मऊच होती. दाबलं की चार पिवळसर थेंब यायचे. खोलीत येणारं प्रत्येक माणूस एकच विचारायचं, "दूध आलं का गं?" पहाटे कुणीतरी म्हणालं, "उपाशी आहे लेकरू, वरचं द्या." त्या एका वाक्याने मी पार खचले.

ते चार थेंब म्हणजे चीक. गाय व्याली की तिच्या चिकाचा खरवस आपण वाट्या पुढे करून खातो, आणि आईचा चीक मात्र काही घरांत अजूनही 'जड पडतो' म्हणून पिळून टाकतात. बाळाला रोगांशी लढायचं पहिलं बळ त्यातूनच मिळतं. तो थोडा असतो, कारण पहिल्या दिवशी बाळ एका वेळी पितंच चमचा-दोन चमचे. भरपूर दूध उतरायला दोन ते चार दिवस जातात, सिझेरियन झालं असेल तर कधी आणखी थोडे. दुसऱ्या रात्री बाळ सारखं अंगाला लागतं ते याच दुधासाठी. ते जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं. गरज नसताना बाटली दिली की बाळ ओढत नाही, मग दूधही कमी येतं, आणि सगळे म्हणतात, बघा, हिला दूधच नाही!

मला सावरलं ते रात्रपाळीच्या सिस्टरांनी. त्यांनी आधी सगळ्यांना बाहेर पाठवलं. मग माझ्या पाठीशी उशी दिली, बाळाचं पोट माझ्या पोटाला लावलं आणि म्हणाल्या, "वाकू नकोस. बाळाला छातीकडे आण." मुलीने मोठा आ केला, तेवढ्यात त्यांनी तिला जवळ घेतलं. नुसती बोंडी नव्हे, भोवतीचा काळा भागही तोंडात गेला, हनुवटी छातीला टेकली. टोचणं थांबलं. थोड्या वेळाने गिळण्याचा बारीक आवाज आला. तो आवाज मी अजून विसरलेले नाही.

आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा जरूर द्या, बाळंतिणीला पोटभर खायला हवंच. पण खिरीच्या वाटीबरोबर तिला दोन तास झोपही द्या. बाळाला मात्र सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको. घुटी नको, भर उन्हाळ्यात पाणीही नको. आणि मध तर वर्षाच्या आत कधीच चाटवू नका, त्यातून जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते.

दूध पुरतंय का, हे लंगोटांवरून ओळखा. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओल्या झाल्या तर बहुतेक सगळं ठीक चाललेलं असतं. लंगोट कोरडी राहते, बाळ मलूल आहे, प्यायला उठत नाही, पिवळं दिसतंय, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. वजन पाहून त्यांनी वरचं द्यायला सांगितलं तर द्या, त्यात आईचा काही दोष नाही. मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी, म्हणजे इतर आयांनी दिलेलं दूध साठवून ठेवणारी पेढी, सुरू झाली, ती अशाच बाळांसाठी. छाती लाल होऊन ताप आला तरी दाखवा, पण पाजणं थांबवू नका. गावात आशाताई तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी घरी येतात. त्यांच्यासमोर पाजून बघा, लाजू नका.

माझी मुलगी जन्मली तेव्हा २ किलो ८०० ग्रॅम होती, तिसऱ्या दिवशी २ किलो ६०० भरली. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतंच, हे मला ठाऊक नव्हतं. बाराव्या दिवशी तिला पुन्हा काट्यावर ठेवलं. २ किलो ८५०. आईने माझ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही, आणि बाळाला उचलून खांद्यावर घेतलं, म्हणाली, "ढेकर मी काढते. तू झोप."