बातमीत वेळच नव्हती

(दृश्य: पहाट. अप्पा बळवंत चौक. शटर बंद. फुटपाथवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे सुटताहेत.)

निवेदन:
पहाटे साडेचारला अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकानं झोपलेली असतात आणि फुटपाथ जागा असतो. गठ्ठे सुटतात, पुरवण्या आत सरकतात, मोजणी होते आणि पेपर पेठांकडे निघतात. मी क्रीडापानावर होतो तेव्हा सायकली जास्त असायच्या. गठ्ठेही आजच्यापेक्षा जाड. आपली बातमी पहिल्या पानावर लागली असली की मी इथं यायचो आणि स्वतःच्याच पेपरचा अंक विकत घ्यायचो. ऑफिसात फुकट मिळायचा, तरी.

असा एक अंक अजून माझ्याकडे आहे. ठेवला होता अभिमानानं.

(दृश्य: पिवळं पडलेलं कात्रण. नाव आणि फोटो झाकलेला. फक्त शीर्षक दिसतं.)

‘दुःख गिळून ती धावली’. शीर्षक माझं. दिवसभर त्याचं कौतुक झालं होतं.

ती सतरा वर्षांची, आठशे मीटरची धावपटू. वडील अचानक गेले. कसे गेले ते या फिल्ममध्ये येणार नाही, ही तिची पहिली अट. पाचव्या दिवशी सणस मैदानावर जिल्ह्याची निवड चाचणी होती. ती धावली, दुसरी आली, राज्य स्पर्धेसाठी निवडली गेली. एवढंच घडलं होतं. खरं तर दीड इंचाची बातमी.

पण ब्रिस्टल होऊन दोनच वर्षं झाली होती.

(दृश्य: जुना रेडिओ. टीव्हीवर क्रिकेट बघणारी गर्दी.)

१९९९चा वर्ल्ड कप. १९ मे रोजी रमेश तेंडुलकर गेले. सचिन इंग्लंडहून मुंबईला आला. त्याच दिवशी तिकडे लेस्टरला आपण झिम्बाब्वेकडून अवघ्या तीन धावांनी हरलो. अंत्यसंस्कार उरकून तो परत गेला आणि २३ मे रोजी ब्रिस्टलला केनियाविरुद्ध १०१ चेंडूंत नाबाद १४० धावा. शतक झाल्यावर त्यानं आकाशाकडे पाहिलं. ते दृश्य महाराष्ट्रात कुणाला सांगावं लागत नाही.

आता एक प्रश्न विचारून बघा. त्या दिवशी दुसऱ्या टोकाला कोण होतं? राहुल द्रविड. नाबाद १०४. दोघांनी मिळून २३७ धावांची अभेद्य भागीदारी केली. पुण्यातल्या कट्ट्यांवर हे मी बऱ्याच जणांना विचारलंय. क्रिकेट पाठ असलेली माणसंसुद्धा डोकं खाजवतात. आणि रमेश तेंडुलकर? कवी, कीर्ती कॉलेजात मराठीचे प्राध्यापक. त्या आठवड्यात मराठी पेपरांतसुद्धा ते आधी ‘सचिनचे वडील’ झाले आणि मग उरलेल्या जागेत कवी. मीही तसंच लिहिलं होतं.

सचिनच्या खेळीत खोटं काही नव्हतं. गडबड आम्ही केली. आम्हाला साचा सापडला. त्यानंतर खेळाडूच्या घरात कुणी गेलं की डेस्कवर कुणीतरी म्हणायचंच, “अरे, ह्यूमन अँगल आहे, चौकट करू.” माझ्या वरिष्ठांनी त्या संध्याकाळी मला दुसरं काही सांगितलं नाही. म्हणाले, “आपल्या पुण्याचं ब्रिस्टल आहे. घरी जा.”

मी घरी गेलो.

(दृश्य: पेठेतल्या वाड्याचा लाकडी जिना. रिकामा.)

शुक्रवार पेठेतला वाडा, दुसरा मजला. दाराबाहेर चपलांचा ढीग. आत बायका भिंतीला टेकून बसलेल्या. शेजारून आलेले डबे ओट्यावर तसेच. कोपऱ्यात पिठावर दिवा तेवत होता. दहावा व्हायचा होता. कुणीतरी पाण्याचा पेला हातात दिला, तो मी पूर्ण वेळ धरून होतो. ठेवायला जागा दिसली नाही.

फोटोग्राफर माझ्याबरोबर होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याला फ्रेम दिसत होती. तो मुलीला म्हणाला, “जरा स्पाइक्स घेऊन दिव्याशेजारी बस.” तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीतून स्पाइक्स काढले, धावायचे खिळ्यांचे बूट. तळाला अजून माती होती. तेवढ्यात आत्या उठली. “अहो, दिव्यापाशी चपला-बूट नका आणू.” फोटोग्राफर म्हणाला, “एकच मिनिट, मावशी.”

आणि आत्या गप्प बसली. पेपरवाल्यांना नाही कसं म्हणायचं, हे त्या घराला ठाऊक नव्हतं. मलाही त्या क्षणी फोटोग्राफरला नाही म्हणता आलं असतं. मी वहीत लिहीत होतो: दिवा, बूट, आत्या.

मग मी तिला विचारलं, “धावताना वडील डोळ्यांसमोर आले असतील ना?”

या प्रश्नाला नाही म्हणायची सोय कुठे आहे? ती “हो” म्हणाली. तो ‘हो’ मी चार ओळींचा केला, अवतरणचिन्हांत.

(दृश्य: सणस मैदान. सकाळचा सराव. शिट्टीचा आवाज.)

यंदा तिला शोधून काढलं. आता ती खेळ शिकवते. तेव्हा मी तिला ‘तू’ म्हणायचो. फोनवर ‘तुम्ही’ म्हटलं तर हसली. “सर, तूच म्हणा, नाहीतर मला तुम्ही ओळखूच यायचा नाहीत.” मी कात्रण घेऊन गेलो. तिनं ते वाचायलाही घेतलं नाही, पाठ असावं. म्हणाली,

“सर, त्यात माझी वेळच नव्हती.”

मला आधी कळलंच नाही.

“टायमिंग हो. पूर्ण बातमीत माझी वेळ कुठेच नाही.”

मी तिथल्या तिथे वाचून बघितली. खरंच नव्हती. दिवा होता, आत्याचे डोळे होते, ‘अश्रूंना वाट करून देत’ होतं. धावपटूची बातमी आणि ती किती वेळात धावली ते नाही. क्रीडा पत्रकाराला यापेक्षा मोठी चूक करता येत नसावी. उपसंपादकाच्या लक्षात आलं नाही, संपादकाच्या नाही, आणि जवळपास पंचवीस वर्षं माझ्याही नाही.

मग तिनं वही काढली. दोनशे पानी, कव्हर गेलेलं. निळ्या पेनानं फेऱ्यांच्या वेळा. त्या चाचणीआधीची तिची सर्वोत्तम वेळ होती २ मिनिटं २१. पहिली फेरी ६४ सेकंदांत, दुसरी ७७ मध्ये. आठशे मीटर पळलेल्यांना लगेच कळेल: पहिल्या फेरीत उधळपट्टी, दुसरीत दिवाळं. दोन वर्षं तिचे सर ओरडत होते, पहिली फेरी धर, पहिली फेरी धर. त्या दिवशी तिनं ती धरली. ६७. दुसरी ७१.४. जवळजवळ तीन सेकंदांची सुधारणा. “माझी दुसरी फेरी आयुष्यात पहिल्यांदा जमली होती,” ती म्हणाली. “मला वाटलं, पेपरवाले आलेत म्हणजे तेच विचारतील.”

त्या दिवसाच्या नोंदीखाली बॉलपेननं दोन रेघा मारल्या आहेत. वही तिच्या मांडीवर त्या दिवशीही होती. मी बघितली नव्हती.

(दृश्य: न्यूज चॅनेलच्या बूमचा गुच्छ, एका चेहऱ्यासमोर.)

तिच्या वाक्यानंतर मी जुन्या-नव्या बातम्या वेगळ्या नजरेनं चाळल्या. प्रत्येक वेळी एकच शोधत होतो: यात खेळ कुठे आहे?

मोहम्मद सिराज. वडील २० नोव्हेंबर २०२० रोजी हैदराबादला गेले, तो संघाबरोबर ऑस्ट्रेलियात होता आणि तिथेच थांबला. मेलबर्नला कसोटी पदार्पण, मालिकेत १३ बळी, ब्रिस्बेनला दुसऱ्या डावात ७३ धावांत ५. (हे ब्रिस्बेन, ब्रिस्टल आणि ब्रिस्बेनचा घोळ क्रीडापानावर मी स्वतः घातलेला आहे.) सिडनीत राष्ट्रगीताच्या वेळी त्याच्या डोळ्यांत आलेलं पाणी आपण सगळ्यांनी पाहिलं. स्टीव्ह स्मिथला त्यानं ज्या चेंडूवर काढला तो कितींना आठवतो? टप्प्यावरून अचानक उसळला, स्मिथच्या ग्लोव्हला लागला आणि गलीत रहाणेच्या हातात गेला. त्या उसळीमागे काही वर्षांची मेहनत आहे. आणि तो हैदराबादला उतरून विमानतळावरून थेट वडिलांच्या कबरीवर गेला, तर त्याचेही फोटो निघाले. हातात फुलं, मान खाली. दोन महिने ज्या भेटीसाठी थांबला होता, त्या भेटीतही तो एकटा नव्हता.

शोकाच्या खासगी क्षणांत कॅमेऱ्यानं घुसू नये, असं भारतीय प्रेस कौन्सिलच्या आचारनियमांत लिहिलेलं आहे. कौन्सिल १९७८च्या कायद्यानं चालतं; ताशेरे ओढू शकतं, दंड करू शकत नाही. टीव्ही तर त्याच्या कक्षेतच नाही. नियम मला वाड्याचा जिना चढताना माहीत होता का? होता. परीक्षेत त्यावर पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं.

विराट कोहलीच्या बातम्यांतही खेळ असाच मागे पडला. डिसेंबर २००६, रणजी, कर्नाटकविरुद्ध. रात्री ४० वर नाबाद, पहाटे वडील गेले, सकाळी मैदानावर येऊन ९०. त्याच डावात त्याच्याच संघातल्या पुनीत बिश्तनं १५६ काढल्या. पुढे काही बोलत नाही.

पण जिंकणाऱ्यांचं निदान कौतुक तरी होतं. हरला तर काय?

(दृश्य: बर्फावर स्केटची एकच पांढरी रेघ.)

डॅन जॅन्सन, अमेरिकेचा स्पीड स्केटर. १९८८च्या कॅल्गरी हिवाळी ऑलिंपिकमध्ये ५०० मीटरच्या शर्यतीच्या दिवशीच, १४ फेब्रुवारीला सकाळी, त्याची बहीण जेन ल्युकेमियानं गेली. संध्याकाळी तो धावला आणि पडला. चार दिवसांनी १००० मीटरमध्ये, निम्म्याहून जास्त अंतर झपाट्यानं कापून, पुन्हा पडला. ऑलिंपिकच्या थोडंच आधी तो जगातला सर्वोत्तम स्प्रिंट स्केटर ठरला होता. ते मागे पडलं आणि पुढची सहा वर्षं तो ‘बहीण गेली तेव्हा पडलेला माणूस’ म्हणून ओळखला गेला. १९९४ला लिलेहॅमरमध्ये १००० मीटरचं सुवर्ण मिळालं, तेव्हा लहानग्या मुलीला कडेवर घेऊन त्यानं फेरी मारली. मुलीचं नाव जेन. कॅमेऱ्यांना आणखी काय हवं? पण त्याची वेळ मला पाठ झालीय: १ मिनिट १२.४३ सेकंद. विश्वविक्रम.

आणि हॉकीपटू वंदना कटारिया. मे २०२१ मध्ये वडील गेले, ती बंगळूरच्या शिबिरात होती, अंत्यदर्शनाला जाता आलं नाही. ३१ जुलैला टोकियोत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध चौथ्या, सतराव्या आणि एकोणपन्नासाव्या मिनिटाला गोल. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारी पहिली भारतीय महिला. आपण ४-३ जिंकलो. सगळीकडे ‘वडिलांना श्रद्धांजली’. चारच दिवसांनी उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाकडून हरलो, तर हरिद्वारजवळ रोशनाबादला तिच्या घरासमोर काहींनी फटाके वाजवले आणि जातिवाचक शिवीगाळ केली. घर तेच, ज्या घरात माणूस गेला म्हणून देश हळहळला होता.

(दृश्य: पुन्हा वाड्याचा जिना. वरून खाली.)

आमच्या मुलीचं काय झालं? राज्य स्पर्धेत ती सहावी आली. आम्ही ते छापलं नाही. सहावा नंबर कोण छापतो?

वाड्यात मात्र वेगळंच झालं. माझ्या बातमीआधी ती पाचव्या दिवशी मैदानावर गेली होती, हे घरातल्यांना आणि तिच्या सरांना माहीत होतं. बातमीनंतर अख्ख्या पेठेला कळलं. मी शौर्य म्हणून लिहिलं होतं. लोकांनी वाचलं ते असं: बाप जाऊन पाच दिवस झाले नाहीत आणि पोरगी ग्राउंडवर. दहाव्याला घाटावर तिच्या काकांना कुणीतरी ते ऐकवलं. काका घरी येऊन तिच्या आईला बोलले. त्यानंतर वर्षभर ती स्पाइक्सची पिशवी मैत्रिणीकडे ठेवायची.

“मग धावलीस का त्या दिवशी?” मी विचारलं. पंचवीस वर्षं उशिरा, पण या वेळी उत्तर आधी ठरवलं नव्हतं.

“घरात माणसं येत होती आणि रडत होती,” ती म्हणाली. “ग्राउंडवर कुणी काही विचारत नव्हतं. सर फक्त फेऱ्या ओरडत होते.”

मी माफी मागितली. ती म्हणाली, “बरं.” आणि एका मुलीकडे वळून ओरडली, “अगं, खांदे सोड, खांदे!”

(दृश्य: मैदान. तिचा हात, स्टॉपवॉच. चेहरा नाही.)

शूटिंगच्या तिच्या तीन अटी होत्या. वडील कसे गेले ते नको. चेहरा आणि नाव नको. आणि वेळ सांगायची.

८०० मीटर. २ मिनिटं १८.४ सेकंद. सणस मैदान, पुणे.

हे रेकॉर्ड करून तिला ऐकवलं. तिनं लगेच दुरुस्ती सांगितली. “सर, हँड टायमिंग होतं, हातातल्या स्टॉपवॉचवर घेतलेलं. तेही सांगा.”

हँड टायमिंग.